"सगळ्या पंप-ॲक्शनला बसतं" म्हणून विकलेला माल

शॉटगनच्या सुट्या वस्तू विकताना कुणी "युनिव्हर्सल फिट" असं लिहिलं असेल, तर तिथून काहीही घेऊ नका. पंप-ॲक्शन बंदुका, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या शॉटगन, लांबून सारख्या दिसतात, पण आतली मापं कंपनीगणिक बदलतात, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलतात. मला फसवणाऱ्याचा सगळा धंदा यावरच उभा आहे. त्याने पाठवलेली एक वस्तू तर नळी फाडू शकली असती, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझी बंदूक रेमिंग्टन 870, 12 बोअर. मागवलेल्या वस्तू: एक चोक (नळीच्या तोंडात आट्यांनी बसणारी, छर्रे किती पसरतील ते ठरवणारी छोटी ट्यूब), रिसीव्हरच्या (बंदुकीच्या मधल्या, यंत्रणा असलेल्या भागाच्या) बाजूला काडतुसं अडकवायचा साइड सॅडल आणि दस्त्याला लावायचा रिकॉइल पॅड. मॉडेल, बोअर, नळीवर कोरलेलं 'रेम चोक' हे आट्यांच्या प्रकाराचं नाव, सगळं मी विक्रेत्याला आधीच लिहून कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं, "निर्धास्त घ्या, 870 असो की मॉसबर्ग, सगळ्यांना बसतं." जाहिरातीतले फोटो नामांकित कंपन्यांच्या मालाचे होते आणि पाकीटही तसंच होतं. माल मात्र त्यांचा नव्हता.

सगळ्यात गंभीर प्रकार चोकचा. सुरुवातीला आटे व्यवस्थित लागले, मग मध्येच घट्ट झाले, आणि पूर्ण आत जायला हवी ती ट्यूब नळीच्या तोंडाबाहेर उरली. जोर न लावता ती काढली आणि कॅलिपर लावला. मागच्या तोंडाचा आतला व्यास 18.2 मिलिमीटर भरला. 12 बोअरच्या नळीचा व्यास साधारण 18.5 मिलिमीटर असतो. म्हणजे ही चोक बसवली असती तर नळीच्या आत चहूबाजूंनी एक बारीक कड उभी राहिली असती. बार उडाल्यावर प्लॅस्टिकचा वॅड (छर्रे धरून ठेवणारा कप) आणि त्यातले छर्रे पूर्ण वेगात त्या कडेवर आदळतात. मग चोक मागून उचकटते, नळी फुगते किंवा फाटते, आणि बंदूक धरणाऱ्याचा पुढचा हात तिथून फार लांब नसतो. नीट बनवलेल्या चोकचं मागचं तोंड याच कारणासाठी नळीपेक्षा किंचित मोठं ठेवलेलं असतं.

पुढच्या तोंडाचं माप निघालं 17.6. वर कोरलं होतं 'मॉडिफाइड'. मॉडिफाइड चोक नळीपेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने अरुंद असते. ही जवळजवळ एक मिलिमीटरने अरुंद, म्हणजे सरळसरळ त्याहून घट्ट प्रकारची, फुल चोक होती. छर्रे कमी पसरतील एवढ्यावर हे थांबत नाही. शिशाचे छर्रे दाबले जातात, पोलादाचे दाबले जात नाहीत. ज्या चोकवर पोलादी छर्ऱ्यांना परवानगी असल्याचं लिहिलेलं नाही, अशा घट्ट चोकमधून ते मारायचे नसतात. वरच्या अक्षरांवर विश्वास ठेवून कुणी पोलादी काडतूस भरलं असतं तर?

साइड सॅडल "विमानाच्या दर्जाचं ॲल्युमिनियम" म्हणून विकलेला. कोपरा नखाने खरवडला तर राखाडी रंग निघाला आणि खाली काळं प्लॅस्टिक दिसलं. 870 वर हा सॅडल ट्रिगरचा भाग धरून ठेवणाऱ्या पिनांच्या जागी लांब स्क्रू घालून बसवतात. ते स्क्रू जास्त आवळले की रिसीव्हर दाबला जातो आणि पंप मागेपुढे होताना अडतो. चांगल्या सॅडललाही हे लागू आहे. पण चांगल्या सॅडलमध्ये एक मधली जागा सापडते, जिथे तो हलत नाही आणि पंपही मोकळा चालतो. यात ती सापडेचना. सैल ठेवला तर खुळखुळायचा, किंचित आवळला की पंप अर्ध्यात थांबायचा. शेवटी स्क्रूच्या डोक्याची खाचच झिजली. रिकॉइल पॅडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जेल म्हणून साधं कडक रबर दिलं होतं.

माझ्या एका मित्राने त्याच माणसाकडून मॉसबर्ग 500 साठी फोरएंड (पंप करताना धरायची पुढची मूठ) घेतला होता. 500 मध्ये फोरएंड ज्या सरकत्या ट्यूबवर बसतो ती दोन लांबीची मिळते, पावणेसात इंची आणि पावणेआठ इंची. विक्रेत्याने ते विचारलंच नाही, आणि आलेला फोरएंड बसला नाही. मॉसबर्गचीच मॅव्हरिक 88 असेल तर आणखी पंचाईत, कारण तिथे फोरएंड ॲक्शन बारला (पंपाची हालचाल आत पोचवणाऱ्या पट्टीला) पक्का जोडलेला असतो आणि नुसता फोरएंड बदलता येत नाही. हाच माणूस 500 साठी मॅगझिन एक्स्टेन्शनही, म्हणजे जास्त काडतुसं मावावीत म्हणून काडतुसांच्या ट्यूबला पुढे जोडायचा तुकडाही, विकतो. 500 ची मॅगझिन ट्यूब पुढून बंद असते, एक्स्टेन्शन लावायचं कुठे? शिवाय बंदुकीत किती काडतुसं भरता येतील यावर अनेक ठिकाणी कायद्याची मर्यादा आहे, त्याचा त्याच्या जाहिरातीत उल्लेखही नाही.

मापांचे फोटो पाठवल्यावर पहिलं उत्तर आलं, "कानशीने थोडं घासा, बसेल." चोक कानशीने घासायला सांगणाऱ्या माणसाला आपण काय विकतो हे तरी कळत नाही, किंवा त्याला कुणाच्या हाताची पर्वा नाही. नंतर म्हणाला, आटे लागलेला माल परत घेत नाही. मग उत्तरं बंद झाली. पैसे कार्डाने दिले होते, त्यामुळे बँकेकडे वाद नोंदवता आला आणि कॅलिपरच्या फोटोंवर चोकचे पैसे परत मिळाले. सॅडल आणि पॅडचे गेले ते गेलेच.

नवी चोक कुठूनही घ्या, बार काढण्याआधी एवढं पाहा. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, नळी उतरवा, चोक बसवा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे धरून बघा. चोक सुरू होते तिथे आत आलेली कड दिसली, तर ती चोक वापरू नका. चोक न लावता आट्यांच्या नळीतून बारही काढू नका, आटे खराब होतात. विक्रेत्याला "बसेल का" असं विचारू नका. आट्यांचा प्रकार आणि मागच्या तोंडाचं माप विचारा. ज्याच्याकडे खरा माल आहे तो माप सांगतो.

त्या माणसाची जाहिरात आता दुसऱ्या नावाने पुन्हा लागली आहे. फोटो तेच आहेत: काळ्या कापडावर आडव्या ठेवलेल्या तीन चोक, त्यातल्या मधलीच्या आट्यांवर एक तिरका ओरखडा. आणि खाली तेच वाक्य, सगळ्या पंप-ॲक्शनला बसतं.