ईएसआय की महात्मा फुले योजनेचं कार्ड?

जळगाव एमआयडीसीत डाळ मिलमध्ये लागलेला भाचा विचारत होता, "मामा, ठेकेदार म्हणतो ईएसआय कशाला कापायचा? कार्ड आहे ना!" ईएसआय म्हणजे पगारातून वर्गणी कापून चालणारा कामगारांचा सरकारी विमा. कार्ड म्हणजे महात्मा फुले योजनेचं, सरकारच्या मोफत उपचारांचं. ठेकेदाराला ही काळजी का, ते आधी बघू.

पैसे : पगार १६,००० असेल तर भाच्याचे ०.७५ टक्के, म्हणजे १२० रुपये कापले जातात. कामावर ठेवणाऱ्याला ३.२५ टक्के, म्हणजे ५२० भरावे लागतात. काळजी कुठून येते ते कळलं. कार्डाला हप्ता नाही.

उपचार : कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण यादीतल्या आजारांना आणि दवाखान्यात भरती झाल्यावरच. डाळीच्या धुळीचा रोजचा खोकला त्यात बसत नाही. ईएसआयच्या दवाखान्यात साध्या गोळ्याही मिळतात, घरच्यांनाही. रांग असते, हे खरंच.

खरा फरक बुडालेल्या रोजाचा. मशीनच्या पट्ट्यात बोटं गेली, तर कार्ड ऑपरेशन करून देईल. पुढचे दोन महिने घरात पीठ कोण आणणार? ईएसआयमध्ये कामावरच्या इजेला बरं होईपर्यंत साधारण ९० टक्के मजुरी मिळते, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. साध्या आजारपणात ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्याला मात्र आधी ७८ दिवसांची वर्गणी लागते.

कापूस वेचणाऱ्या, केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांना ईएसआय नाहीच. त्यांनी कार्ड काढून ठेवावं. पगार २१,००० च्या वर असेल त्यांनीही. दहा किंवा जास्त माणसांच्या मिलमध्ये २१,००० पर्यंतच्या पगारावर असाल, तर ईएसआय हा तुमचा हक्क आहे, ठेकेदाराची मर्जी नाही. भाच्याला म्हटलं, ठेकेदाराकडे ईएसआयचा नंबर माग. आणि कार्डही राहू दे खिशात.