मतदानाच्या दिवशी कुठे बसायचं: केंद्राच्या आत की बाहेरच्या टेबलावर?

पोलिंग एजंट, म्हणजे केंद्राच्या आत बसणारा उमेदवाराचा माणूस, व्हायचं तर उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या सहीचा नमुना १०, म्हणजे नेमणुकीचा अर्ज, आधी हातात हवा. ऐनवेळी सही जुळली नाही की आत प्रवेश नाही. मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायचं चाचणी मतदान, होतं, किमान ५० मतांचं. ती मतं यंत्रातून पुसली आणि व्हीव्हीपॅटच्या (मताची छापील चिठ्ठी देणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या काढल्या, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ते राहिलं तर मतमोजणीला आकडा जुळत नाही. मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. तोतया मतदाराला हरकत घ्यायला २ रुपये लागतात; खिशात नाणी ठेवा. संध्याकाळी १७-सीची, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाच्या नमुन्याची, प्रत घेतल्याशिवाय उठू नका, दिवसभराच्या बैठकीचं खरं फळ तेच.

बाहेरच्या, उमेदवाराच्या कार्यकर्त्यांच्या टेबलावर कागदपत्रांची कटकट फार नाही, पण पायपीट आणि घसाफोड भरपूर. काम एकच: यादीत नाव शोधून भाग आणि अनुक्रमांकाची चिठ्ठी देणं. चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची. तिच्यावर चिन्ह वा उमेदवाराचं नाव छापलंत तर तक्रार ठरलेलीच. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार हा गुन्हा आहे. दुपारी यादीवर खुणा करून न आलेल्यांना घरून बोलवायचं.

यादी तोंडपाठ असलेला, गल्ली ओळखणारा माणूस बाहेरच बसवावा. आत शांत, चिवट माणूस हवा.