प्रेस की स्टीम? मेंदूच्या एका व्हॉक्सेलचा स्पेक्ट्रम घेताना

एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत (एमआरआय यंत्रानं मेंदूतली रसायनं मोजणं) एका छोट्या ठोकळ्यातून, म्हणजे व्हॉक्सेलमधून, सिग्नल घ्यायच्या दोन पद्धती: प्रेस आणि स्टीम. प्रेसमध्ये ९०-१८०-१८० अंशांच्या तीन रेडिओ पल्स, स्टीममध्ये तिन्ही ९० अंशांच्या. प्रेस पूर्ण सिग्नल देते, स्टीम निम्माच. म्हणून १.५ टेस्लाच्या चुंबकावर, विशेषतः लांब टीईला (पहिल्या पल्सपासून सिग्नल येईपर्यंतचा वेळ), प्रेसच बरी. १४४ मिलिसेकंद टीईला १.३३ पीपीएमवरचं (पीपीएम म्हणजे स्पेक्ट्रमवरची जागा) लॅक्टेट उलटं, खाली तोंड करून दिसतं. तिथेच येणाऱ्या चरबीपासून ते वेगळं काढता येतं.

३ टेस्लावर मात्र गोची होते. १८० अंशांच्या पल्सची बँडविड्थ (ती व्यापते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) समजा १२०० हर्ट्झ आहे. कोलीन (३.२ पीपीएम) आणि लॅक्टेट यांत साधारण २४० हर्ट्झचं अंतर. पल्स जागा निवडते ती फ्रिक्वेन्सीवरून, म्हणजे २० मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये ४ मिमीची सरक. दोघांचे सिग्नल वेगवेगळ्या जागेतून येतात. शिवाय उलटं लॅक्टेट अंशतः स्वतःलाच खोडतं, आणि ‘लॅक्टेट नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

९० अंशांच्या पल्सना बँडविड्थ जास्त मिळते, त्यामुळे स्टीममध्ये ही सरक कमी. टीई २० मिलिसेकंद किंवा त्याखाली नेता येतो. त्यामुळे ग्लुटामेट, मायो-इनोसिटॉल या रसायनांचे सिग्नल चांगले टिकतात. ७ टेस्लावर तर स्टीमकडेच कल हवा. सिग्नलचा तोटा अॅव्हरेज (मोजणीच्या फेऱ्या) वाढवून भरायचा, पण दुप्पट सिग्नल-नॉइज हवा तर वेळ चौपट!

शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) बिघडलं असेल तर दोन्ही सारख्याच निरुपयोगी.