मेडस्केप, मिम्स, अपटूडेट की आपली सरकारी फॉर्म्युलरी: खान्देशातल्या दवाखान्यात फोनवर काय ठेवायचं

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक आजीबाई आल्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाच स्ट्रिपा, तीन ठिकाणच्या डॉक्टरांनी दिलेल्या. खिडकीशी उभ्या राहून मला विचारलं, "माय, हाई गोयी कशानी शे?" म्हणजे ही गोळी कशाची आहे. पाय सुजलेले, लघवी कमी झालेली. नवीन आलेले मेडिकल ऑफिसर एकदम हुशार, त्यांनी लगेच फोन काढला आणि मेडस्केप या औषधांच्या माहितीच्या ॲपमधल्या इंटरॅक्शन चेकरमध्ये, म्हणजे कोणती औषधं एकमेकांसोबत चालत नाहीत ते सांगणाऱ्या भागात, नावं टाकायला लागले. बीपीचं टेल्मिसार्टन सापडलं, लघवीचं टोरसेमाइड सापडलं, पण दुखण्याच्या गोळीचं ब्रँडनेम टाकलं तर काहीच येईना, मग ते सोडून बाकीच्यांचंच चेक केलं आणि बीपीवर लक्ष ठेवा, किडनीची तपासणी करत राहा असा साधा इशारा आला. मी स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं, असेक्लोफेनॅक 100, पॅरासिटामॉल 325. सार्टन, लघवीची गोळी आणि वरून पेनकिलर, हे तिन्ही एकत्र म्हणजे किडनीवर तिहेरी मार, त्यात मे महिन्याचं ऊन आणि आजीबाईंचं पाणी पिणं कमी. पेनकिलर बंद केली, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, पाठवलं.

चेकर चुकला नव्हता बरं का. त्याला जे नाव दिलंच नाही त्याबद्दल तो काय बोलणार.

नंतर त्याच मेडिकल ऑफिसर सरांनी विचारलं, "मॅडम, औषधांची माहिती देणाऱ्या या साधनांमधलं पैसे भरून कोणतं घेऊ?" त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न प्रत्येक नवीन डॉक्टर, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), सिस्टर आणि फार्मसीचा पोरगा विचारतो. मी औषध निर्माण अधिकारी आहे, स्टॉक, इंडेंट (औषधांची मागणी) आणि ई-औषधी हे औषधसाठ्याचं सरकारी सॉफ्टवेअर सांभाळते, त्यामुळे मी औषधाच्या बाजूनं बघते, निदानाच्या बाजूनं कमी, हे आधीच सांगून ठेवते.

सगळ्यात आधी मिम्स. जुन्या लोकांना हे सिम्सचं जाड पुस्तक म्हणून माहीत आहे, प्रत्येक मेडिकलच्या काउंटरखाली असायचं. आता ऑनलाइन आहे, रजिस्टर करून वापरता येतं. याची खरी ताकद एकच, आपल्या बाजारातलं ब्रँडनेम टाकलं की आत कोणता सॉल्ट, म्हणजे मूळ औषध, किती मिलिग्रॅम, कोणत्या कंपनीचं हे समजतं. खान्देशात पेशंट जळगावला दाखवतो, मग सुरतला पोरगा असतो तिकडे दाखवतो, मग गावातल्या डॉक्टरकडे, आणि प्रत्येकाचं ब्रँड वेगळं, त्यामुळे पहिलं काम सॉल्ट ओळखणं हेच असतं. डोस आणि साइड इफेक्ट तिथे थोडक्यात मिळतात, खोलात जायचं असेल तर पुरत नाही. ऑनलाइन औषधं विकणाऱ्या ॲपवरही सॉल्ट कळतो आणि घाईत मीही तिथे बघते, पण ते दुकान आहे, तेवढ्यापुरतंच वापरायचं, डोस तिथून उचलायचा नाही. किंमत बघायची असेल तर एनपीपीए या औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं फार्मा सही दाम आहे, तोच सॉल्ट स्वस्तात कोणत्या ब्रँडमध्ये मिळेल ते दिसतं, महिन्याला औषधाला हजार रुपये घालणाऱ्या शेतमजुरासाठी हे बघून सांगणं फार मोलाचं आहे.

मेडस्केप मोफत आहे, आणि मोफतमध्ये याच्या तोडीचं दुसरं मला तरी सापडलेलं नाही. इंटरॅक्शन चेकरमध्ये एका वेळी पाच सहा औषधं टाकता येतात, किडनी खराब असेल तर डोस किती कमी करायचा ते लिहिलेलं असतं, आणि ॲपमधला औषधांचा डेटा फोनमध्ये उतरवून ठेवता येतो. ही शेवटची गोष्ट धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडे पोस्टिंग असलेल्यांनी डोक्यात पक्की ठेवा, घाट चढला की रेंज जाते ती जातेच, म्हणून शहाद्यात किंवा तळोद्यात वायफाय असतानाच डाउनलोड करून घ्यायचं.

पण मेडस्केप अमेरिकेत बसून बोलतं, आणि गोंधळ होतो तो इथेच. आपलं पॅरासिटामॉल तिकडे असिटामिनोफेन, आपलं सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनालिन म्हणजे एपिनेफ्रिन, रिफाम्पिसिन म्हणजे रिफाम्पिन, ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. रात्री दोन वाजता दम लागलेलं लेकरू समोर असताना हे आठवत नाही, म्हणून मी नेब्युलायझरच्या टेबलावर जोड्या लिहून चिकटवल्यात. शिवाय आपण रोज देतो त्यातली बरीच औषधं अमेरिकेत मंजूरच नाहीत, नायमेसुलाइड, असेक्लोफेनॅक, व्हिल्डाग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड, डॉमपेरिडॉन. त्यांच्यासाठी तिकडच्या एफडीएचं, म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेचं, लेबल (औषधाचं अधिकृत माहितीपत्रक) शोधून उपयोग नाही. डेलीमेड नावाची साइट अशी लेबलं ठेवते, अमेरिकेत मंजूर असलेल्या औषधासाठी ती उत्तम, अगदी कंपनीनं सरकारला दिलेला मजकूर जसाच्या तसा, पण वरच्या यादीसाठी तिथे हात रिकामाच येतो.

आता इन्सुलिन, याच्यावर जरा थांबते, कारण हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. जगात बहुतेक ठिकाणी इन्सुलिन म्हणजे 100 युनिट प्रति मिली, आपल्याकडे मात्र वायल अजून 40 ची सर्रास मिळते, आणि तिची सिरिंज वेगळी, लाल टोपीची, 100 वाल्याची केशरी. कापसाच्या गावातले एक काका, शुगर काही केल्या खाली येईना, डॉक्टर डोस वाढवत चालले. मी म्हटलं, काका, पिशवी दाखवा. वायल 40 ची, आणि सिरिंज केशरी टोपीची, दुकानात जी होती ती दिलेली. त्यांना 20 युनिट सांगितलेले, ते बरोबर 20 च्या खुणेपर्यंत भरत होते, पण त्या सिरिंजवर 20 ची खूण म्हणजे 0.2 मिली, आणि 40 च्या वायलमधून 0.2 मिली म्हणजे फक्त 8 युनिट. निम्म्याहून कमी इन्सुलिन जात होतं आणि माणूस म्हणत होता मी तर रोज घेतो हो ताई. परदेशी साइट वाचून ही गोष्ट लक्षात यायची शक्यता कमी, कारण तिकडे लिहिणाऱ्याच्या समोर 100 चीच वायल असते.

अपटूडेट. पैसे भरायचे म्हणतात ते बहुतेक याच्यासाठीच. वर्षाला हजारोंमध्ये जातं. बदल्यात मिळतं काय, तर प्रत्येक विषयावर नाव घेऊन लिहिणारे तज्ज्ञ, प्रत्येक पानावर शेवटचं अपडेट कधी झालं ती तारीख, आणि शिफारशीला ग्रेड, म्हणजे ही गोष्ट पक्क्या पुराव्यावर सांगतोय की अंदाजानं हे समजतं. मला ही ग्रेडची पद्धत मनापासून आवडते. जळगाव किंवा धुळ्यात आयसीयू चालवणारे असाल, एमडी करत असाल, किंवा तीन चार डॉक्टर मिळून एक नर्सिंग होम असेल तर पैसे वसूल होतात. मेडिकल कॉलेजमध्ये असाल तर आधी लायब्ररीत चौकशी करा, कॉलेजनं घेतलेलं असेल तर स्वतःच्या खिशातून कशाला भरायचे. पण पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, एकटे असाल तर मी आत्ता घ्या म्हणणार नाही. पान लांब असतं, ओपीडीत शंभर पेशंट असताना ते वाचून होत नाही, आणि त्यात सांगितलेली निम्मी औषधं आपल्या स्टोअरमध्ये येत नाहीत.

बीएनएफबद्दल, म्हणजे ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरीबद्दल, खूपजण विचारतात कारण ते पुस्तक सुंदर आहे, सुटसुटीत, लहान मुलांसाठी वेगळं. पण नाइस या तिकडच्या सरकारी संस्थेच्या साइटवरची मोफत आवृत्ती युकेबाहेर उघडत नाही, आपल्याला पैसे भरूनच घ्यावं लागतं. मग लोक काय करतात, ग्रुपवर फिरणारी कुठल्यातरी जुन्या वर्षाची पीडीएफ ठेवतात, आणि ते मला अजिबात पटत नाही, औषधाची पाच सात वर्षं जुनी माहिती म्हणजे एक्सपायर झालेली स्ट्रिपच. युनिटचंही भान ठेवा, तिकडे शुगर मिलिमोलमध्ये असते, 7 म्हणजे आपले 126.

सरकारी साधनांना लोक नाक मुरडतात, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं. नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया, म्हणजे औषधं आणि त्यांचे डोस सांगणारं सरकारी पुस्तक, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशननं काढली, सहावी आवृत्ती 2021 ची. आपली औषधं, आपली नावं, आपले डोस. शोधायला मेडस्केपइतकी सोपी नाही, अपडेट सावकाश होते, हे दोष आहेतच. आवश्यक औषधांची राष्ट्रीय यादी 2022 ची, 384 औषधं, त्यातून रॅनिटिडिन काढलं हे अजून सगळ्यांना माहीत नाही. आयसीएमआरचे स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो तर सोन्यासारखे आहेत, एका आजाराला एक पान, पीएचसीत काय करायचं आणि कधी वर पाठवायचं ते त्यावर सरळ लिहिलेलं, ॲप मोफत. अँटिबायोटिकसाठी डब्ल्यूएचओचं अवेअर पुस्तक, 2022 चं, तेही मोफत, साध्या सर्दी खोकल्याला अँटिबायोटिक नको हे पेशंटच्या बापाला पटवताना त्यातलं पान दाखवून मला फायदा झालाय.

बंदी आलेल्या औषधांची बातमी मात्र कुठल्याच परदेशी ॲपवर येत नाही, ती सीडीएससीओ या आपल्या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या साइटवर बघावी लागते. ऑगस्ट 2024 मध्ये एकदम 156 कॉम्बिनेशन बंद झाली, त्यात असेक्लोफेनॅक 50 अधिक पॅरासिटामॉल 125 ची गोळीही होती, आणि नायमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना 2011 पासून बंद आहे तरी खेड्यात तापाला मागणारे येतातच.

आणि ज्या गोष्टींसाठी खान्देशात रात्रीअपरात्री फोन वाजतो तिथे परदेशी साइट उघडायचीच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. साप. आपले चार, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि आपलं एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचं इंजेक्शन, त्या चौघांवर मिळून बनवलेलं. अमेरिकेतलं पान रॅटलस्नेकचं सांगेल, औषध वेगळं, वायलींचा हिशोब वेगळा. आपल्या राष्ट्रीय गाइडलाइनमध्ये विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवात 10 वायलीनं, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप लेकराला कमी विष देत नाही, आणि रक्त काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये 20 मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का बघायचं. ट्यूब काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. हे पान छापून इमर्जन्सीत भिंतीला लावलेलं असावं, फोनमध्ये शोधत बसू नये.

विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन हे बीपीचं औषध वापरून दाखवलं, 1986 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, म्हणजे या विषयाचं ज्ञान इथूनच तिकडे गेलंय. अशा गोष्टींसाठी पबमेड, वैद्यकीय शोधनिबंध शोधायची साइट. एरवी घाईत पबमेड कामाचं नाही, पण निवांत असताना आपल्या मातीतला अभ्यास शोधायला त्याच्यासारखं नाही. नंदुरबारकडे सिकलसेलचे पेशंट खूप, त्यांना देतात त्या हायड्रॉक्सीयुरियाचं अमेरिकन लेबल 15 ते 20 मिलिग्रॅम प्रति किलोपासून सुरू करतं, भारतात 10 वरही अभ्यास झालेत, ते तिथेच वाचायला मिळतात, वाचून मग तज्ज्ञांशी बोलायचं.

बाळाला पाजणाऱ्या आईला कोणतं औषध चालतं ते बघायला लॅक्टमेड ही साइट, मोफत, याच्यावर जास्त लिहायची गरज नाही, फक्त ठेवाच, कारण "दूध बंद करा" असं उगाच सांगितलं जातं ते यानं थांबतं. एआयला विचारून डोस लिहिणं मात्र नको, ते चुकीचा आकडासुद्धा तितक्याच आत्मविश्वासानं सांगतं.

तर सरांना मी असं सांगितलं. पीएचसीला असाल तर मिम्स, मेडस्केप ऑफलाइन आणि आयसीएमआरचं ॲप, एक रुपया लागत नाही. मेडिकल दुकान असेल तर मिम्स, फार्मा सही दाम आणि सीडीएससीओचं पान बुकमार्क. वॉर्ड आणि आयसीयू असेल तरच अपटूडेट, तेही सहा महिने मोफतवाल्यांवर काम करून बघा आणि कुठे अडतं ते वहीत लिहून ठेवा, वही भरली तर पैसे भरा.

कापसावर फवारणी सुरू झाली की विषबाधेचे पेशंट येतात, बाटली सोबत नसते, नातेवाईक फक्त म्हणतात पिवळ्या डब्यातलं होतं. त्यासाठी एम्स दिल्लीचं पॉयझन इन्फर्मेशन सेंटर, 1800 116 117, चोवीस तास. औषधाची रिॲक्शन दिसली तर कळवायला 1800-180-3024. दोन्ही नंबर मी ॲट्रोपिनच्या (फवारणीच्या विषबाधेत लागणाऱ्या इंजेक्शनच्या) ड्रॉवरच्या झाकणावर आतून मार्करनं लिहिलेत, ड्रॉवर उघडला की समोर दिसतात.