क्रेट की पेपर? फ्लॅटमधल्या पिल्लाची शी-शू
कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा जेमतेम दोन-तीन तास शू धरतं. पद्धत कुठलीही घ्या, हे गणित बदलत नाही.

क्रेट, म्हणजे पिल्लाच्या झोपेचा पिंजरा, चालतो तो एकाच कारणाने: झोपायची जागा पिल्लू सहसा घाण करत नाही. म्हणून आत उभं राहता, वळता, पसरता येईल एवढीच जागा हवी. क्रेट मोठा असेल तर मध्ये जाळी लावा, नाहीतर एका कोपऱ्यात झोप, दुसऱ्यात शू. उठल्या उठल्या, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत ठरलेल्या जागी न्या. शू झाली की तिथेच खाऊ द्या. घरात परतल्यावर दिलेला खाऊ कशाचा, हे त्याला कळत नाही. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कोंडणं साफ चूक.

जमिनीवर पसरलेला पेपर किंवा शू शोषणारं पॅड सोपं. लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्हो या संसर्गजन्य विषाणूमुळे रस्ता टाळायचा, तेव्हा चौथ्या मजल्यावर घरातच सोय करण्यावाचून इलाजही नसतो. पण पिल्लू पायाखालचा स्पर्श लक्षात ठेवतं. मग पायपुसणंही त्याला पॅडच वाटतं, आणि मातीवर नेलं की नुसतं हुंगत बसतं.

आमचा कौल: रात्री क्रेट, दिवसा बाल्कनीत पॅडऐवजी मातीचा किंवा हिरवळीचा ट्रे. सांडलेली शू तिचा वास मोडणाऱ्या एन्झाइम क्लीनरने पुसा. अमोनियावाला नको, त्याचा वास शूसारखाच.