डेबियनचा बग ट्रॅकर: पोच चोख, निरोप अर्धवट

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या संगणक प्रणालीच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे दोषांच्या नोंदवहीत, दोष नोंदवण्यासाठी खाते उघडावे लागत नाही. एक ईमेल पुरतो. इयन जॅक्सन यांनी १९९४ साली लिहिलेली ही व्यवस्था आजही मुख्यतः ईमेलवरच चालत असल्यामुळे सामान्य वापरकर्त्याचा संबंध येतो तो तिच्या स्वयंचलित उत्तरांशीच.

पहिली पोच नमुनेदार आहे. बगचा क्रमांक विषयाच्या ओळीतच मिळतो, तक्रार कोणत्या मेंटेनरकडे (ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाकडे) गेली ते कळते आणि अधिक माहिती कोणत्या पत्त्यावर धाडावी हेही सांगितलेले असते. उत्तर यथावकाश येईल, एवढेच आश्वासन असते. स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने खोटी मुदत देण्यापेक्षा ते बरे.

नोंदवलेल्या बगची तीव्रता वगैरे ईमेलमधून आज्ञा धाडून बदलण्यासाठी असलेल्या 'कंट्रोल' या पत्त्यावरून येणारे उत्तर मात्र मुरलेल्यांसाठीच लिहिल्यासारखे वाटते. आज्ञेखाली 'थँक्स' किंवा दोन डॅश लिहायचे राहिले, तर सहीतले नाव आणि हुद्दाही आज्ञा समजून वाचला जातो व त्याखाली 'अनोळखी आज्ञा' असा शेरा पडतो. खरी आज्ञा पार पडलेली असते, पण ते सांगणारी ओळ या शेऱ्यांतून हुडकावी लागते. काय झाले आणि काय नाही, हे आरंभीच दोन ओळींत यायला हवे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो बग बंद झाल्याच्या पत्राने. मूळ तक्रार आणि बंद करणाऱ्याचे स्पष्टीकरण सोबत जोडलेले असते, समाधान न झाल्यास कोणाला लिहावे हेही असते, आणि इतका सौजन्यपूर्ण मजकूर इतरत्र क्वचितच आढळतो. परंतु दोष 'ताज्या आवृत्तीत' दुरुस्त झाल्याचे त्यात म्हटलेले असते, आणि ही आवृत्ती बहुधा अनस्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या विकासाधीन शाखेत, जाते. स्टेबल, म्हणजे अधिकृतपणे प्रसिद्ध झालेली स्थिर आवृत्ती, वापरणाऱ्याच्या संगणकावर दोष तसाच राहतो. त्याला हे कोणी सांगत नाही; खाली जोडलेला चेंजलॉग (बदलांची यादी) वाचून त्याने ते ताडायचे. वास्तविक रिपोर्टबग या डेबियनच्या तक्रार-साधनाने नोंदवलेल्या तक्रारीत पॅकेजची, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती असतेच, म्हणजे 'ही दुरुस्ती तुमच्या स्टेबलमध्ये अद्याप आलेली नाही' अशी ओळ जोडणे ट्रॅकरला अशक्य नसावे. बंद बग साधारणतः २८ दिवस हालचाल न झाल्यास संग्रहात जातो, हेही त्याच पत्रात लिहिले तर हरकत घ्यायची असल्यास माणूस वेळेत घेईल.

तूर्त असे पत्र आल्यावर बगच्या पानावरील आवृत्त्यांचा आलेख पाहूनच निष्कर्ष काढावा.