ई-रीडर वापरून पाहिला: यंत्र एक, वाचणारे तिघं

ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र, कसा आहे, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारते, वाचणार काय, मराठी की इंग्रजी? इंग्रजी वाचणार असाल तर डोळे मिटून घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. मराठीचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल. पावसाळ्याच्या तोंडावर घेतला होता, आता नाशकात द्राक्षांचा हंगाम सरत आलाय, म्हणजे पुरेसा वापरून झालाय. कंपनीचं नाव लिहीत नाही. जाहिरात करायची नाही आणि कुरबुरी एकीच्याच माथी मारायच्या नाहीत. सहा इंची पडदा, आतला उजेड कमीजास्त करता येतो, किंमत तेरा-चौदा हजारांच्या आसपास.

पडद्याबद्दल तक्रार नाही. मोबाइलसारखा हा पडदा स्वतः पेटत नाही. आत अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे विद्युतभारित कण. विजेच्या इशाऱ्याने कुठे काळे वर येतात, कुठे पांढरे, आणि अक्षर उमटतं. एकदा कण जागेवर बसले की पान वीज न घेता तसंच राहतं. खर्च होतो तो पान उलटताना, आणि उजेड लावला तर त्याचा. म्हणून चार्जर आठवडेच्या आठवडे ड्रॉवरमध्ये पडून असतो. या शाईचं काम अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालं, १९९७ मध्ये त्यातून ई इंक ही कंपनी निघाली आणि २००७ मध्ये ॲमेझॉनचा ई-रीडर, किंडल, आल्यावर ती घरोघरी पोचली. ऑक्टोबरच्या भर दुपारी गच्चीत कुरडया-पापडांसारखी मीही वाळत बसले होते, तेव्हाही अक्षर कागदावर दिसावं तसं स्वच्छ दिसत होतं. मागच्या पानाची फिकट सावली कधीकधी पुढच्या पानावर राहते, पण दोन पानांत आपणच विसरतो.

माझं मुख्य वाचन पंचवटी एक्स्प्रेसमध्ये होतं. कामासाठी अधूनमधून मुंबई गाठावी लागते. नाशिकरोडला गाडीत चढल्यावर अर्धा डबा मोबाइलवर असतो. इगतपुरी मागे पडली, कसारा घाटातले बोगदे सुरू झाले की नेटवर्क जातं आणि सगळे माना वर करून एकमेकांकडे बघायला लागतात. ई-रीडरला नेटवर्कशी देणंघेणं नाही. त्यात व्हॉट्सॲप नाही, रील नाहीत, ब्राउझर आहे तो इतका संथ की उघडायची इच्छाच मरते. माझ्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण. पहिलं वाचलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, त्यामुळे ते कायदेशीर आणि फुकट मिळतं. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईचं घरच फाटलं. ती स्वतः त्या वाटेने गेली ती काही वर्षांनी, आपल्या पायांनी आणि आपल्या वेळेला. सोवळं इथे मुद्दाम आणलं, कारण पुढे ते आमच्या घरातही या यंत्रापायी निघालं.

आता मराठी. यंत्रातला मूळचा देवनागरी टंक (फॉन्ट) वाईट नाही, पण त्यातले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. शाळेत मराठी वळण गिरवलेल्या माणसाला पानोपानी खडा लागल्यासारखं होतं. सुदैवाने स्वतःचा टंक टाकायची सोय आहे. मी मुक्ता टाकला आणि अक्षर एक पायरी मोठं केलं. काही फायलींत ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ मधला र तुटून वेगळा पडतो; तो दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसून टंकलेखन करणाऱ्याचा असतो. शब्दकोश जवळपास निरुपयोगी. इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं की अर्थ हजर. मराठीत ‘ओसरीवरच्यांनासुद्धा’ यावर बोट ठेवलं तर यंत्र गप्प, कारण त्याला ओसरी सोलून काढता येत नाही. प्रत्ययांची भाषा आहे आपली, हे कोणीतरी त्या लोकांना सांगायला हवं.

खरा घोळ जुन्या फायलींचा. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत, येण्याआधी मराठी छपाई वेगवेगळ्या खासगी टंकांत झाली, त्यामुळे तो मजकूर तसाच उचलून ई-बुक बनवलं की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. एका प्रकाशकाचं विकत घेतलेलं पुस्तक असं निघालं. पैसे परत मिळाले, पण पुस्तक काही मिळालं नाही. इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर जुनी मराठी पुस्तकं रग्गड आहेत, मात्र ती पानांची छायाचित्रं. सहा इंचांत मुंग्या दिसतात. यंत्र आडवं धरून अर्धं अर्धं पान वाचता येतं, किंवा ‘के-टू-पीडीएफ-ऑप्ट’ नावाच्या फुकट प्रोग्रॅममधून ओळी तोडून नव्याने मांडून घेता येतात. ई-बुकं सांभाळायला आणि दुरुस्त करायला कोविद गोयल यांनी बनवलेलं कॅलिबर तर संगणकावर हवंच. एवढी खटपट करायची तयारी नसेल तर मराठी वाचकाच्या हातात हे यंत्र अर्धंच काम करतं.

एक माहीत असावं. विकत घेतलेलं ई-बुक बहुधा तुमच्या मालकीचं नसतं, वाचण्याचा परवाना असतो. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसली होती. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली, पण दुकानदार रात्री येऊन कपाटातलं पुस्तक नेऊ शकतो हे तेव्हा सगळ्यांना कळलं. मला याहून टोचतं ते वेगळंच. घरातलं पुस्तक कधी एकट्याचं नसतं. बहिणीकडून आलेलं, शेजारणीकडे गेलेलं, परत न आलेलं, पहिल्या पानावर भलत्याच माणसाचं नाव असलेलं. आमच्या नाशकात तर सार्वजनिक वाचनालय १८४० पासून हेच काम करतंय आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ मधून पुस्तकांच्या पेट्याच्या पेट्या वाचकांपर्यंत फिरतात. ई-रीडर बनवणाऱ्याने मात्र गृहीत धरलंय की वाचक म्हणजे एक माणूस, एक खातं, एक पासवर्ड.

आमच्याकडे वाचणारे तिघं. मी, आमचे हे (क्रिकेट आणि शेअर बाजार, त्यापलीकडे नाही) आणि सासूबाई. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची गुरुचरित्राची जुनी पोथी त्यांना जड व्हायला लागली. कागद पिवळा, शाई उडालेली आणि मांडीवर घेतली की मनगट दुखतं. दत्तजयंतीच्या आधी सात दिवसांचं पारायण चुकवायचं नाही, हा त्यांचा नेम. मी आपली सहज म्हणाले, “आई, यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं.” मी स्वतः या गोष्टी मानत नाही, त्यांना ते माहीत आहे. आमच्यात यावर भांडण होत नाही, फक्त अधूनमधून टोमणे होतात.

त्यांचा पहिला प्रश्न, “कव्हर चामड्याचं आहे का गं?” खोका शोधून बघितलं, कृत्रिम होतं. तरी त्यांनी कव्हर काढायला लावलं आणि यंत्र धुतलेल्या लाल कापडात गुंडाळलं. दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. हे मुंबईच्या गाडीत कोणाकोणाच्या हातात गेलंय? मी म्हटलं, देवळातल्या पोथीला काय कमी हात लागतात? त्यावर त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग निकाल दिला: पारायणाचे सात दिवस यंत्र देवघरात राहील, गाडीत जाणार नाही. म्हणजे तो आठवडा मी वाचनालयाच्या जाडजूड पुस्तकावर काढला.

पोथीचा मजकूर युनिकोडमध्ये सहज मिळतो. मी फाइल टाकली, अध्यायांची यादी केली, कुठल्या दिवशी कुठवर वाचायचं तिथे खुणा ठेवल्या. आदल्या दिवशी त्यांनी चाचणी म्हणून एक अध्याय वाचला आणि मध्येच थांबल्या. “इथला चरण गळलाय.” पोथी आणून पडताळलं, खरंच गळला होता. पुढे आणखी सापडले: कुठे र्‍हस्वाचं दीर्घ, कुठे अख्खी ओवी दोनदा. मग रात्री जेवणं झाल्यावर त्या जुन्या पोथीतून वाचायच्या, मी संगणकावर कॅलिबरमध्ये दुरुस्त करायची. पोथीतलं अक्षर बदलायला त्यांचा हात धजला नसता. टंकलेखकाची चूक सुधारायला मात्र त्यांना काडीचाही संकोच नव्हता, उलट एखादी चूक सापडली की चेहरा खुलायचा. मी हे पुस्तक कधीच श्रद्धेने वाचणार नाही, पण त्यातले कितीतरी अध्याय मी आता शब्दन् शब्द तपासलेले आहेत.

प्रत्यक्ष पारायणात एकच विघ्न आलं. पडद्याच्या तळाशी यंत्र सांगतं, ‘अध्याय संपायला १२ मिनिटं शिल्लक’. पहिल्याच दिवशी त्या वैतागल्या. “हे मला घाई करतंय.” ते बंद करायचं बटण तीन पडदे आत लपलेलं आहे, पण आहे. मी माझ्यासाठीही तेव्हापासून बंदच ठेवलंय, कारण ‘४३ टक्के वाचून झालं’ हे दिसत राहिलं की मी पुस्तक वाचत नाही, टक्के वाचते. हळदकुंकू कुठे वाहायचं यावर मात्र तडजोड झाली. पडद्यावर नको म्हणून मी हात जोडले, त्यांनी ते कापडाला लावलं.

शेजारच्या काकूंना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, बटण दाबून पुसली जाते ती पोथी कसली? सासूबाईंनी त्यांना काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही, पण जुनी पोथी पाटावर शेजारीच ठेवलेली होती हे मी पाहिलं. वाचायची यंत्रावर, नमस्कार पोथीला.

एकच खातं असल्याने पुस्तकांच्या यादीत गुरुचरित्र, शेअर बाजाराची गाइडं आणि माझं सगळं एकाखाली एक दिसतं. ‘शेवटचं उघडलेलं’ वर येतं. तर एके दिवशी सासूबाईंनी मी वाचायला टाकलेला एक लेख उघडून वाचला. जयंत नारळीकरांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती, त्याची माहिती होती. हुशार मुलांच्या शंभर आणि गतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका, त्यातल्या चाळीस-चाळीस प्रत्येक ज्योतिषाकडे, आणि पत्रिका कुठल्या गटातली ते ओळखायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर आलेली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. हेच नारळीकर २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, म्हणून सासूबाईंना नाव ओळखीचं. लेख पूर्ण वाचून त्या म्हणाल्या, “त्यात आमचे गुरुजी नसतील.” आणि मग, चहा ओतता ओतता, “पण पत्रिका बघायला ते हल्ली फारच पैसे घेतात.” कागदी मासिक असतं तर माझ्या उशाशी पडलं असतं, त्यांच्या हाती लागलं नसतं. एका खात्याची ही अडचण मी आता अडचणीत धरत नाही.

पाळतीची अडचण मात्र खरी आहे. वायफाय चालू असेल तर तुम्ही काय उघडलं, कुठे थांबलात, कुठल्या ओळीखाली रेघ मारलीत हे कंपनीकडे जाऊ शकतं. कोणी म्हणेल, वाचनालयाच्या रजिस्टरातही नाव असतंच की. असतं, पण तिथे पुस्तकाचं नाव असतं, ओळीचं नाही, आणि काउंटरवरचा माणूस विसरतो. श्रद्धा असो की अश्रद्धा, माणूस ती वाचतावाचता चाचपडत असतो, रेघ मारतो ती कधीकधी पटलं नाही म्हणूनही. ते चाचपडणं कोणाच्या तरी हिशेबात जमा होणं मला मानवत नाही. म्हणून मी ते कायम विमान मोडवर ठेवते आणि फायली वायरीने टाकते. काही कंपन्यांनी वायरीची वाटही अरुंद केली आहे. ॲमेझॉनने २०२५ च्या फेब्रुवारीत विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून घ्यायची सोय काढून टाकली. घेण्याआधी हे विचारा.

दुकानात जाऊन घेणार असाल तर तिथला नमुना इंग्रजी पानावर पाहू नका. आपली एक मराठी फाइल मोबाइलमध्ये घेऊन जा, ‘दऱ्या’ आणि ‘वाङ्मय’ हे शब्द असलेली, आणि ती उघडून दाखवायला सांगा. स्वतःचा टंक टाकता येतो का, ईपब (ई-बुकांचा एक सर्रास फाइल-प्रकार) चालतं का, तेही बघून घ्या. घरात साठीच्या पुढचं कोणी वाचणार असेल तर सहा इंचांवर थांबू नका. सर्वांत मोठ्या अक्षरात आमच्याकडे पडद्यावर जेमतेम तीन ओव्या मावतात, आणि तर्जनी सारखी पान उलटण्यात जाते. पान उलटायची खरीखुरी बटणं असलेलं यंत्र मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या, कारण म्हातारं, कोरडं बोट पडद्याला पटकन कळत नाही. आणि कव्हर कशाचं आहे ते खोक्यावर आधी वाचा.